वाओरानी, त्यांची बोली आणि त्यांचं ओमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅमेझॉन म्हटलं की ब्राझील, अ‍ॅनाकोंडा आणि डोक्याला पिसं लावलेली माणसं, इथेच बहुतेकांची गाडी थांबते. इक्वेडोरच्या पूर्वेकडच्या जंगलातल्या वाओरानी लोकांचा विषय मी काढला की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. कुणी मनापासून विचारतं, कुणी चहाबरोबर गंमत म्हणून. उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न मात्र जसे कानावर आले तसेच ठेवलेत, कारण प्रश्न विचारणारा कुठे उभा आहे तेही त्यातून कळतं.

वाओरानी म्हणजे कोण आणि ते राहतात कुठे?

क्वितो हे राजधानीचं शहर अँडीजच्या उंचीवर आहे. तिथून पूर्वेला उतरलं की डोंगर संपतात आणि सपाट, ओलं जंगल लागतं. या जंगलात उत्तरेला नापो नदी आणि दक्षिणेला कुराराय नदी. या दोन नद्यांच्या मधला पट्टा म्हणजे वाओरानींचा मुलूख. आजच्या सरकारी भाषेत तो ओरेल्याना, नापो आणि पास्तासा या तीन प्रांतांत विभागलेला आहे. मधून तिपुतिनी, शिरिपुनो, कोनोनाको अशा नद्या वाहतात.

१९५० च्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या जगाशी कायमचा संबंध आला तेव्हा हे लोक होते जेमतेम पाचशे. त्यांचा वावर मात्र सुमारे २० हजार चौरस किलोमीटरवर होता, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून मोठ्या मुलखात. आज त्यांची संख्या काही हजारांवर गेली आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अ‍ॅमेझॉनमधल्या अनेक जमाती मोठ्या नदीकाठी राहतात, कारण मासे, गाळाची माती आणि होडीची वाट तिथेच असते. वाओरानींनी घरं बांधली ती नदीपासून आत, टेकड्यांच्या माथ्यावर. मोठी नदी हा हमरस्ता, आणि त्या हमरस्त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराचे व्यापारी आले ते माणसं पकडून राबवायलाच. नापोकाठच्या कितीतरी जमाती त्या काळात विरून गेल्या. वाओरानी टिकले यात त्यांच्या भाल्यांचा वाटा आहे, तसाच घराची जागा निवडण्याचाही.

जुन्या पुस्तकांत 'औका' असं नाव दिसतं. तीच ही जमात का?

तीच, पण ते नाव त्यांचं नाही. 'औका' हा शेजारच्या किचुआ भाषेतला शब्द. अर्थ शत्रू, रानटी. आपल्या गावाला शेजारच्या गावाने ठेवलेलं नाव सरकारी दप्तरात चढावं, तसं झालं. अजूनही कोका शहरातून दक्षिणेकडे त्यांच्या जंगलात घुसणाऱ्या, टेक्साको या अमेरिकन तेल कंपनीने काढलेल्या रस्त्याला 'व्हिया औका' म्हणतात. म्हणजे रानट्यांचा रस्ता.

ते स्वतःला वाओरानी म्हणतात. 'वाओ' म्हणजे माणूस, वाओरानी म्हणजे माणसं. बाकी सगळे कोवोरी. कोवोरी म्हणजे परके, आणि त्या शब्दात पूर्वी आणखी एक अर्थ मिसळलेला होता. तो खाली येईलच.

त्यांची भाषा कोणत्या कुळातली?

कोणत्याच नाही. भाषेला ते 'वाओ तेरेरो' म्हणतात, म्हणजे माणसांचं बोलणं. अभ्यासकांनी पुष्कळ शोधलं, पण तिची सख्खी किंवा चुलत अशी एकही भाषा आजवर सिद्ध झालेली नाही. शेजारच्या किचुआशी नातं नाही, पलीकडच्या शुआरशीही नाही. अशा एकट्या भाषा जगात थोड्या आहेत. युरोपातली बास्क ही त्यांतली सर्वांत ओळखीची.

कानाला पहिल्यांदा जाणवतात ते अनुनासिक स्वर. नाकातून बोललं तर शब्दाचा अर्थच बदलतो. प्रमाण मराठी लिहिताना आपण ते अनुस्वार केव्हाच टाकून दिले, पण कोकणी बोलणाऱ्याला हे समजवायला लागत नाही, कारण त्याच्या 'हांव' आणि 'तूं'मध्ये नाक अजून जागं आहे. वाओ तेरेरो रोमन लिपीत लिहिताना अशा स्वरांवर दोन टिंबं देतात. 'ओमे' हा त्यांचा शब्द असाच, दोन्ही स्वर नाकातून, साधारण 'ओंमें'.

लिपी आली ती मिशनऱ्यांबरोबर. १९९२ साली बायबलचा नवा करार या भाषेत छापला गेला. स्पॅनिश पद्धतीने 'एच' अक्षरापासून सुरू होणारं जमातीचं नाव मागे पडून आज त्यांच्या संघटना 'डब्ल्यू' अक्षराने लिहितात. आपल्याला देवनागरीत याचा काही फरक पडत नाही, पण त्यांच्या लेखी आपलं नाव आपण कसं लिहायचं हा साधा प्रश्न नाही.

भाषा जिवंत आहे का? हो. मुलं ती बोलतात. पण शाळा मुख्यतः स्पॅनिशमध्ये, तेल कंपनीतली मजुरी स्पॅनिशमध्ये, आणि किचुआ घरांत लग्नं झालेली कुटुंबंही पुष्कळ. रस्त्यालगतच्या वस्त्या आणि नदीच्या आतल्या वस्त्या यांच्या बोलण्यात त्यामुळे फरक पडत चालला आहे.

त्यांना दोनपर्यंतच मोजता येतं हे खरं का?

नाही. हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक म्हणजे 'अरोके', दोन म्हणजे 'मेआ'. तीन म्हणजे 'मेआ गो अरोके', दोन आणि एक. चार म्हणजे दोन आणि दोन. पाचाला 'एमेम्पोके' म्हणतात आणि त्यात हात आहे. 'म्पो' हा हाताचा प्रत्यय. पुढे हात आणि एक, हात आणि दोन असं चालतं.

म्हणजे मोजता येतं, पण शंभर माकडं मोजायची गरज कुणाला पडली नव्हती. आपल्याकडच्या बाजारातले म्हातारे 'चार विसा' म्हणून ऐंशी सांगायचे, ते अडाणी होते असं आपण म्हणत नाही. पैसा आला, तेलाच्या करारांवर सह्या आल्या, तेव्हा मोठे आकडे स्पॅनिशमधून आले. त्या करारांमध्ये फसगत झाली ती मोजता येत नव्हतं म्हणून नव्हे.

ओमे म्हणजे जमीन ना?

जमीन म्हणता येईल, पण अर्धंच सांगितल्यासारखं होईल. 'मोनितो ओमे' म्हणजे आमचं ओमे. यात माती, नदी, झाडं, शिकारीच्या वाटा, जुनी घरं, आजी-आजोबांनी लावलेली झाडं आणि तिथे वारलेली माणसं, सगळं येतं.

एका झाडावरून हे नीट कळतं. चोंटा ताड. उंच, सरळ, आणि खोडावर बोटभर लांबीचे काळे काटे. याची लालसर-पिवळी फळं घोसाने लागतात, उकडून खातात. लाकूड इतकं कठीण की भाले त्याचेच होतात. हा ताड बी पडून जंगलात आपोआप फोफावत नाही, माणसाने लावावा लागतो, आणि एकदा लागला की पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी राहतो. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा रिव्हाल यांनी वाओरानींमध्ये राहून या बनांवर बारकाईने लिहिलं आहे. जंगलात चालताना चोंटाचं बन दिसलं की इथे कुणाचं घर होतं, हे वाओरानी सांगू शकतात. लावणारा आजोबा गेला, घर कुजून मातीत गेलं, फळं मात्र नातवंडं खातात. फळांचा हंगाम आला की पांगलेली कुटुंबं त्या त्या बनाकडे परत येतात. मुलांना आपलं मूळ कळतं ते तिथे.

आणि काटे? ताडावर चढताच येत नाही. म्हणून शेजारी सेक्रोपियाचं सरळसोट झाड वाढू देतात, त्यावरून चढून घोस ओढतात. पुढच्या पिढीला फळ काढता यावं म्हणून शिडीसुद्धा लावून ठेवायची!

उपग्रहाच्या चित्रात हे बन वेगळं दिसत नाही. हिरवं ते सगळं सारखं. तेल कंपन्यांचे नकाशे याच चित्रांवर बेतलेले असतात: नद्या, तेलाच्या विहिरी, तेल काढायला आखून दिलेल्या गटाची सरळ रेषांतली हद्द, बाकी कोरं. वाओरानींची सगळी भांडणं या कोऱ्या जागेवरून आहेत असं मला वाटतं.

शिकार अजून फुंकनळीने करतात का?

काही जण करतात, बंदूकही आहे. फुंकनळी तीनेक मीटर लांब असते. चोंटाच्या दोन फाळ्यांत पन्हळ कोरून त्या एकमेकींवर बसवतात, वेलीच्या सालीने गुंडाळतात आणि मेणाने लिंपतात. आत टाकायचा बाण म्हणजे ताडाची बारीक काडी. मागच्या टोकाला कापूस, म्हणजे हवा निसटत नाही. हा कापूस ज्या प्रचंड झाडाचा, ते सेइबो आपल्याकडेही आहे. आपण त्याला पांढरी सावर म्हणतो. वाओरानींच्या गोष्टीत असंच एक आभाळाएवढं झाड पडलं आणि त्याची अ‍ॅमेझॉन नदी झाली.

बाणाच्या टोकाला विष. कुरारेच्या वेलीची साल किसून, पानाच्या शंकूत ठेवून वरून पाणी सोडतात आणि खाली आलेला काळपट रस आटवतात. मग पिरान्हा माशाच्या जबड्याने बाणाला टोकापाशी खाच पाडतात. माकडाने बाण उपटला तरी विषारी टोक मोडून आत राहावं, हा हेतू. कुरारे स्नायू सैल करतं. त्यामुळे तीस मीटर उंचीवरच्या फांदीला माकड मरताना घट्ट पकडून बसत नाही, खाली पडतं. रक्तात गेलं तरच मारतं, पोटात गेलेलं बाधत नाही, म्हणून मांस बिनधास्त खाता येतं.

भाला वेगळा. तो जमिनीवरच्या शिकारीला, म्हणजे पेकारी नावाच्या रानडुकरासारख्या प्राण्याला. आणि माणसांना.

ते नरभक्षक होते ना?

नाही. कधीच नव्हते. आणि आता तो राहिलेला अर्थ: वाओरानींची खात्री होती की कोवोरी, म्हणजे तुम्ही-आम्ही, माणसं खातो. पळवून नेलेले नातेवाईक परत येत नाहीत, याचा त्यांनी लावलेला तो अर्थ होता. रबराच्या काळात नेलेल्यांपैकी परत आले ते किती, हे पाहिलं तर तर्क अगदीच चुकीचा नव्हता.

पण हिंसक तर होते?

होते, आणि हे झाकून ठेवायचं कारण नाही. १९७० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ जेम्स योस्ट आणि सहकाऱ्यांनी वंशावळी गोळा केल्या. मागच्या चार-पाच पिढ्यांतले ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाओरानींनीच वाओरानींना भाल्याने मारल्याचे निघाले. माणसांच्या कुठल्याही समाजात नोंदवलेलं हे फार वरचं प्रमाण आहे. एका खुनाचा सूड दुसरा, त्याचा तिसरा, असं ते चक्र. रात्री घरावर धाड घालायची, आणि मग सूड येणार म्हणून आपलंच घर सोडून दूर जायचं.

यावरून 'लढवय्या माणसालाच जास्त मुलं होतात, म्हणून हिंसा माणसाच्या रक्तातच आहे' असा सिद्धांत मांडायला काही जण टपलेलेच होते. स्टीफन बेकरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वाओरानी म्हाताऱ्यांच्या मुलाखतींवरून हिशोब मांडला तो उलटाच निघाला. जास्त धाडी घालणाऱ्यांना बायका आणि मुलं जास्त नव्हती, आणि त्यांची जगलेली मुलं तर कमीच होती. वाओरानी बायांना हे संशोधनाआधीपासून ठाऊक असावं.

१९५६ ची मिशनऱ्यांची घटना काय होती?

पाच तरुण अमेरिकन मिशनरी: जिम एलियट, नेट सेंट, एड मॅककली, पीट फ्लेमिंग आणि रॉजर यूडेरियन. नेट सेंट वैमानिक होते. १९५५ च्या ऑक्टोबरपासून ते छोट्या विमानातून वाओरानींच्या घरांवर घिरट्या घालायचे आणि लांब दोरीला बांधलेली बादली खाली सोडायचे. विमान गोल फिरत राहिलं की दोरीचं खालचं टोक मधोमध जवळजवळ स्थिर राहतं, ही सेंट यांची युक्ती. बादलीत कोयते, भांडी, कपडे. काही आठवड्यांनी खालूनही भेटी येऊ लागल्या: एक पोपट, माकडाची भाजलेली शेपटी.

जानेवारी १९५६ मध्ये ते कुरारायकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरले. ६ तारखेला एक पुरुष आणि दोन बाया येऊन भेटल्या. त्या पुरुषाला विमानातून एक फेरीही मारून आणली. ८ तारखेला भालेवाले आले आणि पाचही जण मारले गेले. जगभर बातमी झाली, मासिकांत फोटो आले, आणि 'औका' हे नाव घराघरांत पोचलं.

का मारलं? पुढे वाओरानींनीच सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे, भेटीला आलेल्यांतल्या पुरुषाचं आणि तरुण मुलीचं प्रकरण घरच्यांना खपलं नव्हतं. अंगावर आलेलं झटकायला त्याने सांगितलं की परक्यांनी आमच्यावर हल्ला केला. त्यात कोवोरी माणसं खातात हा समज आधीपासूनचा. बाहेरच्या जगाने ज्याला हौतात्म्य म्हटलं, त्याच्या मुळाशी घरगुती तंटा होता.

त्यानंतर काय झालं?

इथे गोष्टीत दायुमा येते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण व्यक्ती तीच. घरच्या कत्तलीतून पळून तिने मुलूख सोडला होता आणि ती एका मळ्यावर राबत होती. नेट यांची बहीण रेचेल सेंट तिच्याकडून वाओ तेरेरो शिकली. १९५८ मध्ये दायुमा आपल्या माणसांत परत गेली आणि मागोमाग रेचेल आणि जिम यांची विधवा एलिझाबेथ एलियट, कडेवरच्या मुलीसह, तिथे राहायला गेल्या. ज्यांनी भाऊ आणि नवरा मारला, त्यांच्याच वस्तीत. भाल्यांचं चक्र पुढच्या काही वर्षांत खरोखर मंदावलं. सूडाला कंटाळलेल्या माणसांना थांबायचं निमित्त हवं होतं, असं अनेक वाओरानींनी नंतर सांगितलं आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू आहे. १९६७ मध्ये उत्तरेला लागो आग्रियोपाशी टेक्साकोला तेल लागलं. जमिनीखालचं तेल शोधणाऱ्या भूकंपमापनाच्या तुकड्या दक्षिणेकडे सरकणार, आणि वाटेत भालेवाले नकोत. दूरदूरच्या वाओरानी गटांना विमानाने आणि पायी मिशनच्या राखीव क्षेत्रात आणलं गेलं. जुन्या मुलखाच्या दहाव्या हिश्श्याहून लहान जागेत बहुतेक जमात गोळा झाली. मग १९६९ मध्ये पोलिओ आला. डझनाहून अधिक माणसं गेली, तितकीच पांगळी झाली. रिकाम्या झालेल्या मुलखात रस्ता आणि विहिरी आल्या.

मिशनऱ्यांनी त्यांना वाचवलं की विकलं, असा वाद आजही घातला जातो. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत. मला वाटतं, रेचेल सेंटचा जीव वाओरानींवर होता आणि तिच्या कामाचा फायदा तेल कंपन्यांना झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

जमीन त्यांच्या नावावर आहे का?

आहे. १९९० मध्ये सरकारने सहा लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्राचा मालकीहक्क त्यांना दिला. पण या सातबाऱ्याला तळटीप आहे. इक्वेडोरच्या कायद्याप्रमाणे जमिनीखालचं खनिज सरकारचं, आणि हक्कपत्रातच अट होती की तेलाच्या कामात अडथळा आणायचा नाही. वर घर तुमचं, खाली तळघर सरकारचं, आणि सरकार कधीही तळघरात उतरायला तुमच्या स्वयंपाकघरातून येणार. १९९० च्या दशकात मॅक्सस कंपनीने यासुनी राष्ट्रीय उद्यानात सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता काढला तो असाच.

२०१९ चा खटला वाओरानी जिंकले म्हणतात. नेमकं काय जिंकले?

सरकारने तेलासाठी जंगलाचे गट पाडून लिलावाला काढले होते. त्यातला २२ क्रमांकाचा गट पास्तासा प्रांतातल्या वाओरानी गावांवर येत होता. गावांचा मुद्दा साधा होता: तुम्ही आम्हाला विचारलं नाही. सरकार म्हणालं, २०१२ मध्ये विचारलं होतं, या सह्या. त्या 'विचारण्या'त अधिकारी विमानाने उतरले, स्पॅनिशमध्ये बोलले आणि परत गेले. म्हाताऱ्यांना कशाला होकार दिला हेच कळलं नव्हतं.

खटल्याआधी गावांनी काही वर्षं घालवून स्वतःचा नकाशा केला. जीपीएस हातात घेऊन म्हातारी माणसं आणि तरुण पोरं जंगल पालथं घालत होती. औषधी वनस्पती, खारट मातीची जागा जिथे प्राणी चाटायला येतात, मासे विणीला येतात ते ओढे, जुन्या लढाईच्या जागा, वाघासारख्या जग्वारच्या वाटा. कंपनीच्या नकाशावर कोरा असलेला तोच तुकडा या नकाशात खुणांनी खच्चून भरला.

पुयो शहरात सुनावणी सुरू झाली तेव्हा वाओरानी बाया उठून गाऊ लागल्या. भाषांतराची नीट सोय नाही, तर कामकाज कसलं? सुनावणी पुढे ढकलावी लागली. २६ एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायाधीशांनी निकाल दिला: सल्लामसलत कायद्याला धरून झाली नव्हती. सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर जंगल लिलावातून वाचलं, आणि जुलैमध्ये अपिलातही निकाल टिकला.

या लढ्यात पुढे असलेल्या नेमोंते नेन्किमो यांना २०२० मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. निकालाची मर्यादाही सांगायला हवी: सरकारने नीट विचारलं पाहिजे, एवढंच त्यात आहे. 'नाही' म्हटल्यावर सरकारने ऐकलंच पाहिजे, हे त्यात नाही.

यासुनीत तेल काढायचं नाही असं लोकांनी मतदानाने ठरवलं. मग विहिरी बंद झाल्या का?

थेंबाथेंबाने होताहेत. यासुनीचं महत्त्व आधी सांगतो: इथे एका हेक्टरात झाडांच्या ६५५ जाती मोजल्या गेल्या आहेत. २००७ मध्ये अध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला की आम्ही इशपिंगो, ताम्बोकोचा आणि तिपुतिनी या तीन क्षेत्रांतलं तेल जमिनीतच ठेवतो, बदल्यात जगाने ३.६ अब्ज डॉलर द्यावेत, तेलाच्या किमतीच्या निम्मे. जगाने टाळ्या वाजवल्या, खिशात हात घातला नाही. २०१३ मध्ये कोरेआंनी प्रस्ताव गुंडाळला आणि २०१६ मध्ये तेल निघू लागलं.

'यासुनिदोस' या तरुणांच्या गटाने सह्या गोळा करून सार्वमताची मागणी लावून धरली, दहा वर्षं. २० ऑगस्ट २०२३ रोजी देशाने मतदान केलं आणि सुमारे ५९ टक्के लोक म्हणाले, तेल खालीच राहू द्या. न्यायालयाने वर्षाची मुदत दिली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये मुदत भरताना दोनशे चाळीसहून अधिक विहिरींपैकी पहिली विहीर बंद झाली. सरकारने मागितलेली नवी मुदत २०२९ पर्यंतची.

वाओरानी सगळे एका बाजूला होते असं समजू नका. ज्या वस्त्यांना कंपनीकडून शाळा, दवाखाना, पगार मिळतो, तिथले काही जण तेल चालू राहावं म्हणून बोलत होते. सरकार जिथे पोचतच नाही तिथे कंपनीच सरकार होऊन बसते, त्याचा हा परिणाम.

अजून कुणाशीही संपर्क नसलेले लोक तिथे आहेत का? त्यांना मदत करायला नको का?

आहेत. मिशनचा काळ आला तेव्हा तागाए नावाच्या माणसाबरोबर काही कुटुंबं पाठ फिरवून खोल जंगलात गेली. ते तागाएरी. आणखी एक नात्यातलाच पण वेगळा गट तारोमेनाने. म्हणजे त्यांना आपण माहीत नाही असं नाही. त्यांनी आपल्याला ओळखून नकार दिलेला आहे. १९८७ मध्ये बिशप आलेहांद्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो, तेल कंपन्यांच्या आधी पोचून त्यांना वाचवावं म्हणून, हेलिकॉप्टरने त्यांच्या घरापाशी उतरले आणि भाल्यांनी मारले गेले. हेतू चांगला होता, उत्तर स्पष्ट होतं.

१९९९ मध्ये त्यांच्यासाठी 'अस्पर्श क्षेत्र' जाहीर झालं, हद्द ठरली २००७ मध्ये, सुमारे साडेसात लाख हेक्टर. हद्द कागदावर. जंगलातून चोरट्या लाकूडतोड्यांचे आवाज, विहिरींच्या जनरेटरचा गोंगाट, आणि चोहोबाजूंनी दाटत चाललेली वस्ती. २००३ आणि २०१३ मध्ये वाओरानींनीच त्यांच्या घरांवर धाडी घालून बायका-मुलांसह अनेकांना मारलं. २०१३ मधली धाड एका वृद्ध वाओरानी जोडप्याच्या खुनाचा सूड होता, आणि त्यात दोन लहान मुलींना उचलून आणलं गेलं. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात इक्वेडोरला दोषी धरलं. स्वतःहून दूर राहणाऱ्या लोकांबाबत त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल.

मदत करायची तर त्यांच्या वाटेला न जाणं, एवढीच.

आता ते मोबाइल वापरतात, जीन्स घालतात. मग कसले आदिवासी?

हा प्रश्न मी फक्त जमातींबद्दलच ऐकतो. पैठणीऐवजी जीन्स घातली म्हणून कुणी मराठी राहत नाही असं म्हणत नाही. मोबाइलवर वाओरानी पोरं वाओ तेरेरोत आवाजी निरोप पाठवतात, आणि ड्रोनने हद्दीची पाहणी करतात. २००५ साली स्थापन झालेली वाओरानी बायांची संघटना चांबिरा ताडाच्या धाग्याच्या पिशव्या विकते आणि कोकोची लागवड करून चॉकलेटही करते. जंगली प्राण्यांचं मांस बाजारात विकून पैसा करण्यापेक्षा हे बरं, हा त्यामागचा व्यवहार.

ते खातात काय?

शिकार, मासे, केळी, चोंटाची फळं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मॅनिऑकचा कंद. बाया तो उकडून कुटतात, थोडा चावून परत भांड्यात टाकतात आणि पाण्यात कालवून पेय करतात. घरात आलेल्याच्या हातात पहिल्यांदा तेच येतं. नाक मुरडायच्या आधी एक सांगतो: हा कंद म्हणजेच टॅपिओका. पोर्तुगिजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आला, केरळात रुजला, तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे गोळे होऊ लागले, आणि एकादशीला तुमच्या ताटात साबुदाण्याची खिचडी म्हणून येतो. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच, आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. उपवासाला परदेशी काही चालत नाही म्हणणाऱ्या आमच्या आजीला मी हे कधी सांगितलं नाही.

तिथे जाता येतं का?

येतं, पण फिरायला गेल्यासारखं उठून नाही. क्वितोहून कोकाला, तिथून व्हिया औकाने शिरिपुनो नदीच्या पुलापर्यंत गाडी. रस्ताभर तेलाची पाइपलाइन सोबत असते. पुलाखालून मोटर लावलेली लांब होडी, आणि आतल्या गावाला पोचायला पूर्ण दिवस, कधी जास्त. दुसरी वाट हवाई: पुयोजवळच्या शेल नावाच्या गावातून छोटी विमानं उडतात. हो, गावाचं नाव तेल कंपनीवरूनच पडलं आहे. कंपनी तिथे १९३० च्या दशकात आली आणि दशकभरात निघून गेली, नाव आणि धावपट्टी राहिली.

ज्या गावाला जायचं त्या गावाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि प्रवेशाचे पैसे गावाला द्यावे लागतात. सर्दी-खोकला असेल तर बेत पुढे ढकला. अस्पर्श क्षेत्राच्या आसपास मार्गदर्शकाने इथून पुढे नाही म्हटलं की पुढे नाही. भाषेची तयारी म्हणून एक शब्द पुरतो: 'वापोनी'. छान, बरं, नमस्कार, आवडलं, सगळ्याला चालतो. भांडं हातात आलं की प्यायच्या आधी म्हणा, पिऊन झाल्यावरही म्हणा. दुसरं भांडं मात्र लगेच येईल.